‘आत राहू दे, सुधारेल’ असं म्हणण्याआधी

नमस्कार मॅडम,

माझा मुलगा साडेसोळा वर्षांचा आहे, अकरावीत शिकतो. दोन महिन्यांपूर्वी त्याने दोन मित्रांबरोबर रात्री एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचं शटर उचकटून मोबाइल चोरले. त्यातला एक मित्र वीस वर्षांचा आहे आणि कल्पना त्याचीच होती. तिघेही सापडले. मुलाला काही दिवस रिमांड होममध्ये ठेवलं, मग जामीन मिळाला. आता बाल न्याय मंडळात तारखा सुरू आहेत. परिवीक्षा अधिकारी घरी चौकशीला येणार आहेत असं सांगितलंय.

मुलाने माझ्यापाशी सगळं कबूल केलं आहे. माझे दीर म्हणतात, नव्या कायद्याने सोळाच्या पुढच्या मुलांना मोठ्यांसारखीच शिक्षा होते आणि कलमात चौदा वर्षं लिहिली आहेत. वकील म्हणतात, दंड भरून सुटेल. मिस्टर त्याच्याशी बोलतच नाहीत. ‘दोन-तीन वर्षं आत राहू दे, सुधारेल,’ एवढंच म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचा फोटो नावासकट फिरला. कॉलेजने ‘दाखला घेऊन जा’ असं तोंडी सांगितलं. त्याला पोलीस भरतीत उतरायचं होतं, ते आता संपलंच का? माझा भाऊ म्हणतो, त्याला माझ्याकडे पाठव. नेमकं काय होऊ शकतं आणि आम्ही काय करावं?

— एक आई

ताई,

दिरांनी घातलेली भीती सगळ्यांत मोठी दिसते, म्हणून आधी तीच काढून टाकू.

रात्री बंद दुकान फोडून चोरी झाली असेल, तर कागदांवर बहुधा भारतीय न्याय संहितेची ३३१(४) आणि ३०५ ही कलमं असतील. चोरीसाठी रात्री घरफोडी केली, तर पहिल्या कलमात १४ वर्षांपर्यंत कैद लिहिलेली आहे. दिरांनी आकडा बरोबर वाचला, पण तो आकडा वीस वर्षांच्या मित्राचा. तुमच्या मुलाचं काय करायचं हे बाल न्याय अधिनियम, २०१५ या कायद्यानुसार ठरतं. संहितेतल्या शिक्षेचा तिथे उपयोग एवढाच, की गुन्हा कोणत्या वर्गात बसतो ते पाहायचं.

वर्ग तीन आहेत. ज्या गुन्ह्याची कमाल शिक्षा ३ वर्षांपर्यंत आहे तो किरकोळ. ज्याची किमान शिक्षाच ७ वर्षं किंवा जास्त आहे, म्हणजे खून, बलात्कार असे, तो अतिगंभीर. मधले सगळे गंभीर. ‘मोठ्यांसारखा खटला’ हा प्रकार फक्त अतिगंभीर गुन्ह्यात आणि तोही मुलानं १६ वर्षं पूर्ण केलेली असतील तरच शक्य होतो. तेव्हाही तो आपोआप होत नाही. मुलाची शारीरिक-मानसिक क्षमता, परिणाम कळण्याची कुवत आणि गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला, हे मंडळ आधी तपासतं आणि मगच प्रकरण बाल न्यायालयाकडे (हे मंडळाहून वेगळं, सत्र न्यायालयाच्या पातळीवरचं न्यायालय) पाठवायचं की नाही ते ठरवतं.

घरफोडीच्या कलमात कमाल १४ वर्षं आहेत, किमान काहीच नाही. अशा गुन्ह्यांचं काय करायचं याबद्दल पूर्वी खरंच घोळ होता. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते ‘गंभीर’ वर्गात धरायला सांगितलं, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं कायद्यातच तसं लिहिलं गेलं. तेव्हा कागदांवर हीच कलमं असतील तर तुमच्या मुलावर मोठ्यांसारखा खटला चालू शकत नाही. वकिलांकडून कलमं तेवढी पडताळून घ्या. दुकानात कुणाला मारहाण झाली असेल, हत्यार दाखवलं असेल आणि ते तुम्ही पत्रात लिहिलं नसेल, तर कलमं बदलतात.

लोकांच्या डोक्यात ‘सोळा’ एवढंच का राहिलं, त्यालाही कारण आहे. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या (निर्भया) प्रकरणात एक आरोपी अल्पवयीन होता. तेव्हाच्या कायद्यानं त्याला जास्तीत जास्त ३ वर्षं विशेष गृहात ठेवता येत होतं, तेवढी ठेवून डिसेंबर २०१५ मध्ये त्याला सोडलं. देशभर संताप झाला आणि त्याच महिन्यात संसदेनं नवा कायदा मंजूर केला. चर्चा झाली ती सोळा ते अठराच्या तरतुदीची. बाकीचा कायदा, म्हणजे मंडळासमोर येणाऱ्या बहुतेक मुलांना जो लागतो तो भाग, कुणी वाचायच्या भानगडीत पडलं नाही.

आता मंडळ काय करू शकतं ते सांगते. तिथे एक दंडाधिकारी असतात आणि दोन सामाजिक कार्यकर्ते सदस्य. त्या दोन सदस्यांपैकी निदान एक तरी महिला. मुलानं ते कृत्य केलं असं चौकशीत ठरलं, तर कायद्याच्या कलम १८ मध्ये सात प्रकारचे आदेश दिले आहेत. अगदी सौम्य म्हणजे मुलाचं आणि आईवडिलांचं समुपदेशन करून, समज देऊन घरी पाठवणं. मग गटानं समुपदेशन. मग समाजसेवा: एखाद्या संस्थेच्या देखरेखीखाली बागेची सफाई, वृद्धाश्रमात किंवा रुग्णालयात मदत अशी कामं. मग दंड, जो मुलाला किंवा आईवडिलांना भरायला सांगता येतो. त्यानंतर परिवीक्षा, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, बंधपत्र लिहून घेऊन मुलाला आईवडील, पालक किंवा मंडळाला योग्य वाटेल अशा व्यक्तीच्या ताब्यात देणं, जास्तीत जास्त ३ वर्षांसाठी. हीच परिवीक्षा घराऐवजी एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेच्या देखरेखीखालीही देता येते. आणि शेवटी विशेष गृह, तेही ३ वर्षांच्या आतच. तिथल्या मुलाचं वागणं त्याच्या किंवा इतरांच्या हिताचं नसेल, तर त्याला ‘सुरक्षित ठिकाण’ म्हणतात त्या वेगळ्या संस्थेत हलवता येतं. याहून वरची पायरी तुमच्या मुलासाठी नाही.

यातल्या कुठल्याही आदेशाला मंडळ जोड देऊ शकतं: शाळा-कॉलेजात जायलाच हवं, अमुक प्रशिक्षण घ्यायचं, अमुक ठिकाणी फिरकायचं नाही, व्यसन असेल तर उपचार घ्यायचे. माझ्या मते बऱ्याचदा या जोडीतच खरा दम असतो. नुसती ‘समज देऊन सोडला’ ही ओळ मुलगा दरवाजाबाहेर पडेपर्यंत विसरतो. ‘वर्षभर कॉलेजची हजेरी, दर महिन्याला परिवीक्षा अधिकाऱ्यांची भेट, त्या मुलाच्या अड्ड्यावर पाय ठेवायचा नाही’ हे मात्र त्याला रोज आठवतं.

वकील म्हणतात त्याप्रमाणे दंड होऊ शकतो, पण ‘दंड भरून सुटेल’ हे गृहीत धरू नका आणि तसं मागूही नका. अशा घरांत दंड शेवटी बापाच्या खिशातून जातो आणि मुलाच्या आयुष्यात तसूभर फरक पडत नाही. हे मंडळालाही कळतं. शिवाय दंड म्हणजे दुकानदाराची भरपाई नव्हे. त्याचं शटर वाकलं ते वाकलंच आणि त्यानं दुरुस्तीला घेतलेले लोकांचे मोबाइल गेले ते गेलेच. ती भरपाई करायची तुमची इच्छा असेल तर फार चांगलं, पण परस्पर त्याच्या दुकानात जाऊन पैसे ठेवू नका. तो साक्षीदार आहे. उद्या ‘दबाव आणला’ असा अर्थ निघेल. वकिलांमार्फत मंडळासमोर सांगा.

इथे थोडं विषयांतर करते, कारण हल्ली हा प्रश्न हमखास येतो. ‘निबंध लिहायला लावतात आणि सोडतात, हीच ना तुमची शिक्षा?’ मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला मोटारीखाली दोघांचा जीव गेला, तेव्हा मंडळानं अल्पवयीन चालकाला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला होता. त्यावरून झालेला संताप रास्त होता. पण तो निबंध जामिनाची अट होती, अंतिम आदेश नव्हता. जामीन वेगळा, निकाल वेगळा. तुमचा मुलगा आज घरी आहे तो जामिनावर. त्यावरून ‘प्रकरण हलकं आहे, सुटला’ असं तुम्ही, तो किंवा शेजाऱ्यांनी समजू नये. मुलांच्या बाबतीत जामीन हाच नियम आहे. मुलगा गुन्हेगारांच्या संगतीत पडेल, त्याच्या जिवाला किंवा मनाला धोका होईल, किंवा सोडल्यानं न्यायाचा हेतूच फसेल, असं दिसलं तरच तो नाकारता येतो.

मग या सातांतलं तुमच्या मुलाच्या वाट्याला काय येईल? ताई, तुमच्या पत्रात वकील आहेत, दीर आहेत, कॉलेज आहे. पण निकालावर सगळ्यांत जास्त वजन ज्याचं पडणार, त्याचा उल्लेख तुम्ही एका ओळीत उरकलात. घरी येणारे परिवीक्षा अधिकारी. ते सामाजिक तपासणी अहवाल लिहितात. मुलाला पहिल्यांदा मंडळासमोर आणल्यापासून १५ दिवसांत तो यायला हवा असं कायदा म्हणतो. तुमच्याकडे दोन महिने झाले तरी अजून कुणी आलेलं नाही. उशीर झाला हे वाईटच, पण तेवढा वेळ तुमच्या हातात आहे.

हे अधिकारी घरी येतात तेव्हा बहुतेक घरांत दोन गोष्टी होतात: पोहे केले जातात आणि खोटं बोललं जातं. ‘आमचा मुलगा असा नाहीच हो, संगत वाईट.’ हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा ऐकलेलं असतं की ते वहीत उतरवूनही घेत नाहीत. त्यांना काय हवं असतं? मुलगा संध्याकाळी किती वाजता घरी येतो आणि तेव्हा घरात कोण असतं. त्याच्या हातातला मोबाइल कुणी घेऊन दिला. गुटखा, दारू, काही आहे का. घरात त्याला मारहाण होते का. आधी कधी पैसे गायब झाले होते का. अकरावीची हजेरी किती. शेजारी काय म्हणतात, शिक्षक काय म्हणतात. आणि या सगळ्याच्या शेवटी, हा मुलगा घरी राहिला तर त्याची जबाबदारी नक्की कोण घेणार.

खरं ते सांगा. हा अहवाल गोपनीय असतो आणि तो मुलाची परिस्थिती समजून पुढचं ठरवण्यासाठी असतो. ‘तो रात्री अकरापर्यंत बाहेर असायचा आणि आम्हाला वाटायचं अभ्यासिकेत आहे’ असं सांगणारी आई, ‘तो कुठेच जात नाही’ म्हणणाऱ्या आईपेक्षा जास्त भरवशाची वाटते. आणि त्याला जोडून पुढचं ठरवून ठेवा. सकाळी मैदानावर धावायला जाणार, कारण भरतीची हौस खरी आहे. दुपारी कॉलेज. संध्याकाळी सातनंतर घरी, आणि तेव्हा घरात आई किंवा वडील असणार. त्या वीस वर्षांच्या मुलाचा नंबर बंद. असं जे तुम्हाला खरोखर पाळता येईल तेवढंच सांगा, आणि अधिकारी यायच्या आधीपासून पाळायला लागा. दोन आठवड्यांची खरी हजेरी कागदावर दिसली तर तिला किंमत असते.

आता मिस्टरांबद्दल. त्यांचा राग मला समजतो. पंधरा-वीस वर्षं गावात मान खाली घालायची वेळ आली नाही, आणि पोरानं एका रात्रीत ती आणली. पण त्यांच्या रागाचं कागदावर काय होतं ते त्यांना सांगा. अधिकारी विचारतील, ‘मुलाशी तुमचं बोलणं आहे का?’ ते म्हणतील, ‘मला त्याचं तोंड बघायचं नाही, आत राहू दे.’ अहवालात उतरेल, ‘वडील मुलाची जबाबदारी घेण्यास तयार नाहीत.’ मंडळानं हे वाक्य वाचल्यावर घरी परिवीक्षेवर द्यायचं तर कुणाच्या भरवशावर द्यायचं? मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय असावा, हे या कायद्याच्या मूळ तत्त्वांतच आहे. बालहक्कांचा १९८९ चा आंतरराष्ट्रीय करार मुलांना अटकेत ठेवण्याबद्दल हेच म्हणतो. पण शेवटचा उपाय पहिला व्हायला असं एक वाक्य पुरतं.

आणि आत म्हणजे नेमकं कुठे? त्यानं जे पाहिलं ते निरीक्षणगृह. लोक त्याला अजून रिमांड होमच म्हणतात. ते चौकशी चालू असेपर्यंतचं ठिकाण. आदेशानंतर जायचं ते विशेष गृह वेगळं. तिथे शिक्षण, कौशल्य प्रशिक्षण, समुपदेशन, गरज पडली तर मानसोपचार, हे सगळं असायला हवं असं कायदा सांगतो. परीक्षा, घरातलं लग्न किंवा कुणाचा मृत्यू अशा कारणांनी काही दिवसांची रजाही मिळू शकते, आणि सुधारणा दिसली तर अहवालावरून लवकर सुटकाही. ज्या मुलाच्या घरी कुणी नाही, किंवा घरच गुन्ह्याचं ठिकाण आहे, किंवा टोळीचा माणूस रोज दारात उभा आहे, त्याच्यासाठी विशेष गृह हाच कधीकधी बरा मार्ग असतो. हे मी आडपडदा न ठेवता सांगते, कारण ‘संस्था म्हणजे नरक’ हेही अर्धसत्यच. पण तुमच्या मुलाला घर आहे. त्याला तिथे पाठवलं तर अकरावी-बारावी मोडेल, दिवसरात्रीची सोबत त्याच्याहून पुढे गेलेल्या मुलांची असेल, आणि अठरा-एकोणिसाव्या वर्षी तो परत येईल तो त्याच गल्लीत, जिथे तो वीस वर्षांचा मित्र कदाचित त्याच्याही आधी येऊन बसलेला असेल. यात सुधारण्यासारखं नेमकं काय घडतं, ते मिस्टरांनाच विचारा.

त्या मित्राचं प्रकरण वेगळं चालेल. अल्पवयीन आणि सज्ञान यांची चौकशी एकत्र होत नाही. मुलांना गुन्ह्यात वापरणाऱ्या सज्ञानांसाठी कायद्यात स्वतंत्र शिक्षा आहे. बाल न्याय अधिनियमात ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाखांपर्यंत दंड आहे, तर न्याय संहितेच्या कलम ९५ मध्ये ३ ते १० वर्षांची कैद. कल्पना कुणाची, शटर उचकटायचं हत्यार कुणी आणलं, माल कुणाकडे गेला, हे मुलानं वकिलांना नीट सांगायला हवं. पण ते मंडळासमोर मांडायचं की नाही आणि कसं, हे वकिलांनी ठरवू द्या. हेच कबुलीबाबतही. तुमच्यापाशी कबूल केलं हे चांगलं झालं. मंडळासमोर कबूल करायचं का, हा कायदेशीर निर्णय आहे. तो त्याच्यावर लादू नका. ‘देवाची शपथ घे आणि सगळं सांगून टाक’ असंही नको आणि ‘मेलास तरी तोंड उघडू नकोस’ असंही नको.

भावाकडे पाठवण्याचा विचार वाईट नाही. गल्ली बदलणं कधीकधी औषधापेक्षा जास्त लागू पडतं. पण गुपचूप पाठवू नका. तो जामिनावर आहे, त्याचा पत्ता मंडळाकडे नोंदलेला आहे. तारखेला हजर राहिला नाही तर सगळं उलटेल. परिवीक्षेवर ‘योग्य व्यक्ती’ म्हणून मामाच्या ताब्यात द्यावं, अशी मागणी वकिलांमार्फत करता येते. मंडळ मामाची पारख करेल: तो काय करतो, घरात कोण कोण आहे, तिथे कॉलेजची सोय आहे का. मामाला तारखेला सोबत आणा आणि त्यालाच बोलू द्या. एक मात्र स्वतःशी ताडून पाहा. मुलाला नवी जागा मिळावी म्हणून पाठवताय, की घरातला अबोला सहन होत नाही म्हणून? दुसरं कारण असेल तर मुलाला ते बरोबर कळतं.

फोटोचं म्हणाल तर अशा प्रकरणातल्या मुलाची ओळख पटेल असं काहीही छापणं किंवा पसरवणं हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्या ग्रुपचे स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेवा, ग्रुप चालवणाऱ्याला आधी लेखी कळवून फोटो काढायला सांगा, आणि नाही ऐकलं तर तक्रार करा. बहुतेक जण कलम वाचल्यावर ऐकतात.

कॉलेजला तोंडी उत्तर देऊ नका आणि दाखल्यासाठी अर्जही करू नका. तुम्ही अर्ज केलात की ‘पालकांनी स्वखुशीनं नेला’ अशी नोंद होईल. ‘आपण काय सांगितलंत ते लेखी द्या’ असं एक साधं पत्र द्या. मंडळासमोर सांगा की कॉलेज सुटलं तर घरी ठेवण्याची सगळी घडीच विस्कटते. शिक्षण चालू ठेवण्याचा आदेश मंडळ देऊ शकतं, आणि परिवीक्षा अधिकारी किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षातलं कुणी प्राचार्यांशी बोललं की सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे.

आता भरती. कायद्याचं कलम २४ स्पष्ट आहे: मुलाबाबत या कायद्याखाली झालेल्या निष्कर्षामुळे पुढे कुठलीही अपात्रता चिकटत नाही. अपवाद फक्त सोळापुढच्या ज्या मुलांवर बाल न्यायालयात मोठ्यांसारखा खटला चालून गुन्हा सिद्ध झाला त्यांचा, आणि तुमचा मुलगा त्यात येत नाही. प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्य पडताळणीसाठी पोलिसांनी ती नोंद उघड करायची नाही, हेही कलम ७४ मध्येच आहे. ठरलेला काळ संपला की नोंदी नष्ट करायच्या असतात. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलातल्या एका भरतीच्या वादात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही उमेदवाराच्या बालवयातल्या प्रकरणावरून त्याला नाकारणं चूक ठरवलं होतं. तरीही प्रत्यक्षात त्रास होतो. फॉर्मवर ‘कधी गुन्हा दाखल झाला होता का’ हा रकाना येतो आणि मुलं गडबडतात. ती वेळ येईल तेव्हा परस्पर हो-नाही लिहू नका. मंडळाच्या आदेशाची प्रमाणित प्रत आजपासूनच जपायची आणि फॉर्म भरण्याआधी वकिलांना दाखवायची. आज त्याला एवढं सांगा, की धावणं बंद करू नको.

किती दिवस चालेल हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. चौकशी ४ महिन्यांत संपवायची असते, फार तर २ महिने वाढ. किरकोळ गुन्ह्यात तेवढ्यात संपली नाही तर प्रकरणच बंद होतं. तुमच्यासारख्या गंभीर वर्गातल्या प्रकरणात मात्र मुख्य न्यायदंडाधिकारी कारणं नोंदवून आणखी मुदत देऊ शकतात. मध्येच तो अठरा वर्षांचा झाला तरी काळजी नको. घटनेच्या दिवशीचं वय धरतात, आणि चौकशी मंडळासमोरच चालू राहते.

तेव्हा पुढच्या तारखेला दहावीचं प्रमाणपत्र किंवा शाळेचा जन्मतारखेचा दाखला मूळ प्रतीसह न्या. वयासाठी आधी तोच पाहतात. वकिलांची फी जड जात असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, मुलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. मिस्टरांना सोबत न्या, बोलले नाहीत तरी चालेल. बंधपत्रावर सही करायची वेळ आली तर ते तिथे असायला हवेत. आणि आदेश तुम्हाला मान्य झाला नाही, तर अपिलाला ३० दिवस असतात. आदेशाची प्रत त्याच दिवशी मागा, नंतर बघू म्हणू नका.